घरच्या घरी बेस गिटार : बेळगाव भागातल्या नवख्यांसाठी

बेस गिटार, म्हणजे खर्जातल्या सुरांची चार तारांची गिटार, घरी करता येते. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात राहणाऱ्याला त्यासाठी लागणारं बहुतेक सगळं जवळच मिळतं. लाकडाच्या वखारी आहेत. उद्यमबागेत लोखंड-पितळेचं हवं ते काम करून देणारी वर्कशॉप्स आहेत. नेमप्लेट आणि बोर्ड कापणारे लेझरवाले आहेत, फर्निचरला पॉलिश करणारे कसबी कारागीर आहेत. तारांची कंपनं टिपणारा पिकअप, तारा ताणायच्या खुंट्या, बॉडीवर तारा अडकवायचा ब्रिज असे गिटारचे खास भाग तेवढे बाहेरून मागवावे लागतात.

हा लेख ज्यांनी रंधा, करवत, पटाशी थोडीफार हाताळली आहे पण वाद्य कधी केलेलं नाही, त्यांच्यासाठी आहे. सुतारकाम अजिबात येत नसेल तर आधी एक पाट किंवा लहान स्टूल करा. कोन गुण्यात आणणं आणि कड सरळ रंधणं एवढं जमलं की पुढचं सगळं शिकता येतं.

सुरुवातीलाच एक गोष्ट ठरवून टाका. पहिल्या गिटारीची नेक, म्हणजे लांब दांडी, विकत घ्यायची आणि बॉडी आपण करायची. मी हे प्रत्येक नवख्याला आग्रहाने सांगतो. नेकमध्ये फ्रेटच्या, म्हणजे धातूच्या आडव्या पडद्यांच्या, खाचा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाइतक्या नेमक्या पडाव्या लागतात, आत ट्रस रॉड नावाची पोलादी सळई बसवावी लागते आणि चार तारांचा मिळून सुमारे ८० किलोचा ताण ती दांडी वर्षानुवर्षं सहन करते. तिथे चूक झाली तर वाद्य कधीच सुरात येत नाही. बॉडीत चूक झाली तर त्याच लाकडाचा तुकडा चिकटवून पुन्हा कोरता येतं. शिवाय वजन, आकार, गळ्यात अडकवल्यावरचा तोल, रंग हे जे जे 'आपल्या मापाचं' म्हणून हवं असतं, ते जवळजवळ सगळं बॉडीतच असतं.

आधी वाद्य ओळखा

आज आपण जिला बेस गिटार म्हणतो तिचा साचा १९५१ सालचा. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडर यांनी त्या वर्षी प्रिसिजन बेस बाजारात आणला. त्याआधी बेस म्हणजे माणसाच्या उंचीचा, बिनपडद्यांचा, उभा धरायचा डबल बेस. फेंडर यांच्या वाद्याला फ्रेट होते, म्हणून बोट ठेवलं की सूर नेमका लागायचा. नावातलं 'प्रिसिजन' ते त्यासाठीच. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं असं की त्यांनी बॉडी आणि नेक वेगवेगळ्या करून चार स्क्रूंनी जोडल्या. घरी काम करणं शक्य होतं ते या रचनेमुळेच.

नट म्हणजे नेकच्या टोकाशी तारा जिच्यातून जातात ती खाचांची पट्टी, सॅडल म्हणजे ब्रिजवर तार जिथे टेकते तो भाग; नटपासून सॅडलपर्यंत तारेची जी लांबी वाजते तिला स्केल म्हणतात. प्रिसिजनची स्केल ३४ इंच, म्हणजे ८६३.६ मिमी, आणि बहुतेक बेस आजही याच मापाचे असतात. ३० इंचांची छोटी स्केलही मिळते. बोटं लहान असतील किंवा मुलासाठी करत असाल तर ती घ्या, फक्त तारा त्याच मापाच्या घ्यायला विसरू नका. चार तारा ई, ए, डी, जी या सुरांना लावतात. त्यांची कंपनं सेकंदाला अनुक्रमे ४१.२, ५५, ७३.४ आणि ९८. यातला ४१ चा आकडा लक्षात ठेवा, वायरिंगच्या वेळी कामाला येईल.

नेक हातात आली की तीन तपासण्या करा. नटच्या पुढच्या कडेपासून बाराव्या फ्रेटच्या माथ्यापर्यंत मोजा. ३४ इंची स्केलला हे अंतर ४३१.८ मिमी यायला हवं, कारण बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो. पाचवा फ्रेट २१६.६ वर आणि सातवा २८७.२ वर येतो का तेही बघा. मग नेक डोळ्यांसमोर धरून टाचेकडून (बॉडीत बसणाऱ्या टोकाकडून) वरच्या टोकाकडे नजर टाका. थोडा बाक ट्रस रॉडने निघतो, पीळ निघत नाही. पिळलेली नेक परत करा. शेवटी टाचेची रुंदी आणि जाडी कॅलिपरने मोजून लिहून ठेवा. रुंदी बहुधा ६२ ते ६४ मिमीच्या दरम्यान भरते, पण छापील मापावर विसंबू नका. तुमच्या हातातल्या नेकचं माप तेच खरं.

इथे आपल्याकडच्या सुतारकामाची एक सवय बाजूला ठेवावी लागते. आपले सुतार सुतात मोजतात. आठ सुतांचा इंच, म्हणजे एक सूत तीन मिमीहून थोडं जास्त. दार-खिडकीला ते पुरतं. गिटारसाठी मात्र पोलादी पट्टी, मिमीच्या खुणा आणि बारीक टोकाची पेन्सिल लागते. जाड सुतारी पेन्सिलीची रेघच एक मिमीची असते.

लाकूड

या भागात सगळ्यात आधी मनात येतं ते सागवान. सागवान फुगत-आखडत कमी, वाळवीला दाद देत नाही, रंध्याखाली छान येतं. एकच अडचण, वजन. साधारण बॉडीला जवळपास सहा लिटर लाकूड लागतं आणि सागवान लिटरला साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास भरतं. खोबणी कोरून झाल्यावरही नुसती बॉडी साडेतीन किलोच्या जवळ राहते. त्यात नेक आणि धातूचे भाग मिळवले की पाच किलो ओलांडतात. दोन-तीन तास उभं राहून वाजवणाऱ्याच्या खांद्याला ते जाणवतं. सागवानच वापरायचं असेल तर जाडी नेहमीच्या ४५ मिमीऐवजी ४० ठेवा आणि पाठीमागून पोटाच्या जागी चांगला खोल उतार द्या.

नवं सागवान घेण्याआधी जुन्याची चौकशी करा. बेळगावात, शहापुरात, खानापूर तालुक्यातल्या गावांत जुनी कौलारू घरं उतरवली जात आहेत आणि त्यांच्या तुळया, खांब, चौकटी विकायला निघतात. पन्नास-साठ वर्षं छपराखाली वाळलेल्या सागवानाला तोड नाही. तुळईवर चुंबक फिरवून खिळे शोधा. एक खिळा राहिला तरी करवतीचं पातं आणि राऊटरची (खोबणी कोरायच्या यंत्राची) बिट दोन्ही जातात. टोकाकडच्या भेगा कापून टाका आणि मधलं वापरा.

माझी स्वतःची पसंती फणसाला. पश्चिमेकडे कणकुंबी, जांबोटीच्या बाजूला फणस भरपूर, लाकूड पिवळंधमक, सागवानापेक्षा किंचित हलकं, आणि वाद्याला जुनंच सरावलेलं: तंजावरची वीणा आणि मृदंगाचं खोड फणसाचंच असतं. उन्हाने त्याचा पिवळा रंग हळूहळू तांबूस-तपकिरी होतो. तून मिळालं तर तेही उत्तम, हलकं आणि कोरायला सोपं. मिरजेचे सतार-तंबोरे करणारे कारागीर दांडीला तूनच वापरतात. बेळगावहून मिरजेला थेट रेल्वे आहे. एकदा जाऊन ती गल्ली बघून या. लाकूड कसं रचून वाळवतात आणि सांधा कसा बसवतात हे नुसतं बघूनही खूप शिकायला मिळतं. तिथली वाद्यनिर्मिती एकोणिसाव्या शतकात तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतून उभी राहिली आणि आता मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

शिसव दिसायला राजेशाही असली तरी अख्खी बॉडी तिची करू नका. ती सागवानाहूनही जड, महाग, आणि तिच्या धुळीने अनेकांच्या अंगावर पुरळ येतं. निलगिरी पिळते. आंब्याला भुंगा लवकर लागतो.

आणखी एक महत्त्वाचं. सागवान किंवा शिसव स्वतःच्या शेतातली असली तरी तोडायला वनखात्याची परवानगी लागते. लाकूड वखारीतूनच घ्या, पावती मागून घ्या आणि ती जपून ठेवा. आपण हद्दीवर राहतो. चंदगडचं लाकूड इकडे किंवा खानापूरचं गोव्यात नेताना नाक्यावर कागद दाखवावे लागू शकतात. वाहतुकीचा पास लागेल का हे वखारवाल्याला आधीच विचारा.

लाकूड वाळलंय का, याचा सगळ्यात भरवशाचा उपाय साधा आहे. फळी आणली की किराणा दुकानाच्या काट्यावर तोला आणि वजन फळीवरच लिहा. घरात हवेशीर जागी, खाली पट्ट्या देऊन आडवी ठेवा. दर आठवड्याला तोला. वजन उतरायचं थांबून सलग तीन-चार आठवडे तेच राहिलं, की लाकूड तुमच्या घरातल्या हवेला जुळलं. ही पायरी गाळू नका. ओल्या लाकडाची बॉडी सहा महिन्यांत सांध्यावर उघडते, नेक बसवायची खाच सैल पडते आणि तोवर पॉलिशवर घातलेली सगळी मेहनत फुकट जाते.

केव्हा काय करायचं

आपल्याकडचा पावसाळा या कामाचं वेळापत्रक ठरवतो. जून ते सप्टेंबर बेळगावची हवा इतकी दमट असते की फळी रंधून सरळ केली तरी चार दिवसांत पुन्हा फुगते, आणि खानापूरच्या पश्चिमेला तर विचारायलाच नको. म्हणून लाकूड दिवाळीच्या सुमाराला आणा, वाळू द्या, डिसेंबर-जानेवारीत चिकटवा आणि कापा, फेब्रुवारी-मार्चमध्ये पॉलिश करा. वळवाचे पाऊस सुरू व्हायच्या आत पॉलिश पक्कं झालेलं असलं पाहिजे. जोडणी आणि वायरिंग मे महिन्यात घरात बसून होतं.

चिकटवणं

चौदा इंच रुंद एकच फळी क्वचित मिळते, आणि मिळाली तरी ती वाकण्याची शक्यता जास्त. सात-सात इंचांच्या दोन फळ्या कडेला कड लावून जोडा. दोन्ही कडा रंधून एकमेकींवर उभ्या ठेवा आणि मागे बॅटरी धरा. उजेडाची तिरीप दिसली तर अजून रंधायचं. क्लॅम्प आवळून फट मिटवू नका. तशी मिटवलेली फट पुढे कधीतरी उघडतेच.

सागवानात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे चिकटवायच्या अगदी आधी कड थिनरच्या फडक्याने पुसा, तो उडून गेला की लगेच फेव्हिकॉल लावा. तीन क्लॅम्प, वर-खाली आलटून पालटून. सांध्यातून फेव्हिकॉलचे बारीक थेंब सगळीकडून सारखे बाहेर आले म्हणजे बरोबर. चोवीस तास हात लावू नका.

मधली रेष

बॉडीचं सगळं काम एका रेषेवर उभं आहे, आणि या लेखातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या. दोन फळ्यांचा सांधा बरोबर मध्ये असेल तर तोच तुमची मधली रेष. नसेल तर बॉडीच्या दोन्ही तोंडांवर, कडेवरून वळवून, एक रेष ओढा आणि ती पुसली जाऊ देऊ नका. बाहेरचा आकार दोन-तीन मिमी इकडेतिकडे गेला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. नेकची खाच आणि ब्रिज यांना मात्र या रेषेपासून अर्धा मिमीसुद्धा सरकायची मुभा नाही.

का ते हिशोबाने बघा. खाच सुमारे ७५ मिमी लांब असते. तिची बाजू तेवढ्या लांबीत अर्धा मिमी तिरकी झाली, तर खाचेच्या पुढे जवळपास २६० मिमीवर असलेल्या ब्रिजपाशी तोच फरक पावणेदोन मिमी होतो. बाहेरच्या तारा फ्रेटबोर्डाच्या (नेकवरच्या फ्रेट बसवलेल्या पट्टीच्या) कडेपासून जेमतेम तीन मिमी आत असतात. म्हणजे एका बाजूची तार कडेवरून घसरायला लागते आणि वाजवताना दर वेळी बोटाखालून सुटते.

म्हणून आधी कागदावर. रद्दीतल्या कॅलेंडरांच्या मागची बाजू चिकटवून मोठा कागद करा आणि पूर्ण आकाराचं चित्र काढा: मधली रेष, नट, बारावा फ्रेट, नेकची टाच, ब्रिजची जागा, पिकअप. बॉडीचं वरचं शिंग (नेकच्या बाजूने पुढे आलेलं टोक) बाराव्या फ्रेटच्या समोर येईल इतका लांब ठेवा, कारण पट्ट्याची खुंटी तिथे असते. ती मागे राहिली तर नेक सतत खाली झुकते आणि डावा हात सूर धरायचा सोडून वजनच धरून बसतो. चित्र जाड पुठ्ठ्यावर उतरवून कापा, गळ्यात अडकवा, बसून मांडीवर घ्या, आरशासमोर उभे राहा. हवा तो बदल इथेच करा. पुठ्ठा स्वस्त असतो.

नेकच्या खाचेचा साचा मात्र हाताने कापू नका. नेमप्लेटवाल्या लेझर-कटिंगवाल्याकडून ९ मिमी एमडीएफमध्ये कापून घ्या. टाचेचं मोजलेलं माप द्या, त्याच साच्यावर मधली रेषही कोरून मागा. तुकडा हातात आला की त्यात नेक घालून बघा: हाताच्या दाबाने बसावी, उलटी धरली तरी पडू नये. सैल असेल तर ०.२ मिमी कमी करून दुसरा कापून घ्या.

साचा बॉडीवर ठेवताना दोन्हींच्या मधल्या रेषा जुळवा आणि मग दोऱ्याची परीक्षा घ्या. नेक साच्यात बसवा, ब्रिज त्याच्या जागी नुसता ठेवा, आणि शिवणाचा दोरा नटच्या दोन्ही बाहेरच्या खाचांतून ब्रिजच्या दोन्ही बाहेरच्या सॅडलपर्यंत ताणून चिकटपट्टीने लावा. बारीक आणि जाड तारेच्या दोन्ही बाजूंना दोऱ्यापासून फ्रेटबोर्डाच्या कडेपर्यंतचं अंतर शेवटच्या फ्रेटपाशी सारखं आलं पाहिजे. ते सारखं होईपर्यंत साचा केसाकेसाने सरकवा, मगच स्क्रूने पक्का करा. स्क्रू जिथे पुढे लाकूड कापलं जाणार आहे त्या जागेत घाला. या परीक्षेला अख्खी दुपार गेली तरी हरकत नाही.

खाच १६ मिमी खोल कोरायची. राऊटरला बेअरिंगवाली बिट लावा आणि एका वेळी तीन-चार मिमीपेक्षा जास्त उतरू नका. खोबणीच्या आत राऊटर घड्याळाच्या दिशेने फिरवायचा, बाहेरच्या कडेला उलट दिशेने. दिशा चुकली तर यंत्र हातातून ओढ घेतं. राऊटर नसेल तर ड्रिलने भोकं पाडून पटाशीने तळ साफ करा. वेळ लागेल, पण नेमकेपणा कमी होत नाही. वीज जाण्याची वेळ ठाऊक असेल तर राऊटरचं काम त्याआधी संपवा. मध्येच थांबलेली बिट लाकडात खड्डा पाडते.

चष्मा आणि धुळीचा मास्क लावल्याशिवाय काम सुरू करू नका. राऊटरची धूळ पिठासारखी बारीक असते आणि छातीत बसते.

बॉडी कापणं आणि बाकीची खोबणी

बाहेरचा आकार वखारीतल्या बँडसॉवर रेषेच्या दोन मिमी बाहेरून कापून घ्या, उरलेलं कानस आणि राऊटरने उतरवा. शिंगांच्या टोकाशी लाकडाच्या रेषा आडव्या येतात आणि तुकडा उडायची भीती असते, तिथे फक्त कानस.

पिकअपची खोबण साधारण २० मिमी, कंट्रोलची (व्हॉल्यूम-टोनच्या बटणांची) मागून ३५ मिमीपर्यंत, समोर निदान ५ मिमी लाकूड शिल्लक राहील अशी. प्रिसिजनसारखा दोन तुकड्यांचा पिकअप ब्रिजच्या सॅडलपासून सुमारे १५ सेंमीवर येतो. पुढे सरकवला तर आवाज जाड आणि गोल, मागे सरकवला तर टणक. खोबणी एकमेकींना जोडायला लांब ८ मिमी ड्रिलने तिरकी भोकं पाडा आणि ब्रिजखाली एक बारीक भोक कंट्रोलच्या खोबणीपर्यंत न्या. ते भोक नवखे विसरतात. त्यातून अर्थची वायर जाते.

नेकचे चार स्क्रू बॉडीतून सैल जायला हवेत आणि नेकमध्ये घट्ट. बॉडीत ५ मिमी भोक, नेकमध्ये ३ मिमी. स्क्रू नेकमध्ये किती शिरेल हे बाहेर धरून मोजा, विशेषतः बॉडी ४० मिमीची असेल तर; तो फ्रेटबोर्डापर्यंत पोचता कामा नये. स्क्रूच्या आट्यांना मेण किंवा कोरडा साबण चोळा. बॉडीच्या मागे या स्क्रूंच्या डोक्यांखाली लागणारी धातूची पट्टी उद्यमबागेतल्या एखाद्या वर्कशॉपमधून ३ मिमी पितळेची करून घेता येते, आणि त्यावर तुमचं नाव कोरून घेतलं तर ती खरोखर तुमची होते.

घासणं, पॉलिश

१२० नंबरच्या पॉलिश पेपरपासून सुरू करून १८०, २४०, ३२०. मध्ये एकदा ओल्या फडक्याने पुसून वाळू द्या. उभे राहिलेले तंतू शेवटच्या पेपरने निघतात. या टप्प्याला घाई केली की प्रत्येक ओरखडा पॉलिशखाली उठून दिसतो.

सागवान किंवा फणसाला मी जवसाचं डबल बॉइल्ड तेल सुचवतो. फडक्याने पातळ थर, पंधरा मिनिटांनी जादा तेल पुसणं, एक-दोन दिवस वाळवणं, असे पाच-सहा थर. लाकडाची शीर उठून दिसते आणि ओरखडा आला तर तेवढीच जागा दुरुस्त होते. एक धोका मात्र नीट लक्षात ठेवा. जवसाच्या तेलाचं बोळा केलेलं फडकं आपोआप तापून पेट घेतं. वापरलेली फडकी उघड्यावर पसरून वाळवा, मगच टाका.

चपड्याचं पॉलिश सुंदर दिसतं, पण दमट हवेत लावलं तर पांढरं पडतं आणि घामाने खराब होतं. चकचकीत रंग हवा असेल तर पीयू (पॉलियुरेथेन) मारणाऱ्या फर्निचर पॉलिशवाल्याकडे बॉडी द्या. ते रसायन घरात, साध्या मास्कवर फवारण्यासारखं नाही.

वायरिंग

आता तो ४१ चा आकडा. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० कंपनांची. बेसची सर्वात खालची तार ४१.२ वर आणि तिचाच तिसरा फ्रेट ४९ वर. म्हणजे विजेची घरघर बेसच्या ऐन वाजत्या सुरांमध्ये येऊन बसते आणि टोन कमी करून जात नाही. तिला आत शिरू न देणं हाच उपाय.

त्यासाठी दोन गोष्टी. एक, पहिल्या बेसला प्रिसिजनचा दोन तुकड्यांचा पिकअप घ्या. १९५७ मध्ये आलेल्या या रचनेत दोन कॉइल उलट-सुलट जोडलेली असतात आणि एकमेकांची घरघर खोडून काढतात. दोन, सगळ्या खोबणींना आतून तांब्याची चिकटपट्टी लावा, तुकड्यांचे सांधे सोल्डरने जोडा आणि सगळं मिळून अर्थला जोडा.

जोडणी सोपी आहे. पिकअपची गरम वायर, म्हणजे आवाजाचा सिग्नल आणणारी, व्हॉल्यूमच्या पॉटच्या (बटणाखालच्या फिरत्या भागाच्या) कडेच्या पायाला. मधला पाय जॅकच्या (अॅम्पची केबल घालायच्या सॉकेटच्या) टोकाला. तिसरा पाय वाकवून पॉटच्याच पाठीवर सोल्डर. व्हॉल्यूमच्या ज्या पायाला पिकअप आला त्याच पायावरून दुसरी वायर टोनच्या पॉटला आणि तिथून ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर अर्थला. दोन्ही पॉट २५० के (किलोओहम) चे आणि 'ए' छापाचे घ्या. रेडिओ-टीव्हीच्या सुट्या भागांच्या दुकानात बहुधा 'बी' पुढे करतात. त्याने व्हॉल्यूम एकदम चढतो आणि मग काहीच होत नाही. पॉटच्या पाठीवर सोल्डर धरत नसेल तर आधी पॉलिश पेपरने घासा आणि ६० वॅटचं सोल्डरिंग आयर्न वापरा. २५ वॅटचं घेऊन बसलात तर पाठ तापेपर्यंत आतली पट्टी जळते.

ब्रिजखालून आलेली वायर पॉटच्या पाठीला जोडली की सगळ्या तारा अर्थला जोडल्या जातात आणि हात लावल्यावर घरघर थांबते. त्याचाच दुसरा अर्थ असा की वाजवणाऱ्याचे हात थेट अर्थच्या वायरला लागलेले असतात. म्हणून अॅम्प नेहमी खऱ्या अर्थिंगच्या तीन पिनांच्या सॉकेटलाच लावा. गणपतीच्या मंडपात तात्पुरत्या ओढलेल्या वायरींवर वाजवायचं असेल तर टेस्टरने तपासल्याशिवाय तारांना हात लावू नका. पिन मोडलेला प्लग असेल तर सरळ नकार द्या.

तारा चढवणं, सूर लावणं

०.०४५ ते ०.१०५ इंच जाडीचा संच घ्या. तार कापण्याआधी काटकोनात वाकवा, नाहीतर वरची गुंडाळी आतून सैल होते. खुंटीवर वरून खाली दोन-तीन वेढे पुरेत.

सूर जवळपास आणा आणि नेक एक रात्र ताणाखाली राहू द्या. दुसऱ्या दिवशी जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात ०.३ मिमी फट हवी. फट जास्त असेल तर ट्रस रॉड आवळा, नसेलच तर सैल करा. एका वेळी पाव फेरा, मग सूर लावून थोडं थांबणं. जोर लावावा लागत असेल तर थांबा.

मग उंची: बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली अडीच मिमी, बारीक तारेखाली दोन. नट तपासायला तिसऱ्या फ्रेटवर तार दाबा आणि पहिल्या फ्रेटवर बघा, वहीच्या कागदाएवढी फट पुरे. जास्त असेल तर सोनाराकडची बारीक कानस घेऊन खाच हळूहळू उतरवा. शहापुरात अशा कानसी सहज मिळतात.

शेवटी सूर. ब्रिज बसवताना बारीक तारेचं सॅडल ८६४ मिमीवर, पुढच्या टोकाजवळ असेल असं बसवलं असेल तर मागे सरकवायला जागा राहते. जाड तारेला तीन ते पाच मिमी मागे जावंच लागतं. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसतं बोट टेकवून निघणारा सूर आणि तिथेच दाबून निघणारा सूर ट्यूनरवर जुळवा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, उतरता असेल तर पुढे. दर वेळी तार पुन्हा सुरात लावून मगच बघा.

साध्या गिटारच्या छोट्या अॅम्पवर बेस मोठ्याने वाजवू नका, स्पीकरचा कोन फाटतो. सुरुवातीला हेडफोनवर सराव करा.

पाऊस सुरू झाला की नेक थोडी हलेल आणि तारांची उंची बदलेल. हे प्रत्येक लाकडी वाद्याचं होतं. जुलैत एकदा आणि दसऱ्यानंतर एकदा ट्रस रॉडला पाव फेरा द्यावा लागतो, तेवढंच. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत उलट फ्रेटची टोकं कडेबाहेर येऊन बोटांना टोचतात. तेव्हा फ्रेटबोर्डाला चिकटपट्टी लावून बारीक कानसेने ती फक्त कडेशी गोल करा, फ्रेटच्या माथ्याला कानस लागू देऊ नका. पावसाळ्यात गिटार बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, आतल्या भिंतीपाशी पिशवीत ठेवा आणि पिशवीत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका. त्या महिन्या-दोन महिन्यांनी बदला.